हनुवटीवरचे तीन ठिपके

ते ठिपके मी काढले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अप्पांना नाही, आणि जिच्या हनुवटीवर ते होते तिला तर नाहीच. आता पन्नाशी जवळ आली, हात कापायला लागला आहे. बारीक काम सुटलं. लिहिण्यापुरता हात अजून चालतो, तेवढ्यात लिहून टाकतो.

कल्याणच्या बाजारातली जुनी माणसं एका वेड्या म्हाताऱ्याची गोष्ट अजून सांगतात. हा म्हातारा दुकानात शिरायचा, भिंतीवर नाचणाऱ्या बायकांचं एक चित्र असलं तर मालकाला नमस्कार करून म्हणायचा, "दोन पळं द्या, खाली उतरवू नका." मग काखेतली डबी काढायचा, चाळशी नाकावर चढवायचा, आणि चित्रातल्या एकाच बाईच्या हनुवटीवर कुंचला टेकवून निघून जायचा. लोक हसायचे. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचं त्या बाईवर मन होतं. कुणी म्हणे, करणी उतरवतो.

ते आमचे अप्पा, ज्यांच्या हाताखाली मी रंग भरायचो. त्यांचं नाव लिहीत नाही. त्या नावाला जे लागलं ते माझ्यामुळे लागलं, पुन्हा ते कागदावर आणायला नको.

तेव्हा मी ठाण्याला, तळ्याच्या अंगाला असलेल्या एका शिळाछापखान्यात रंग भरायला होतो. आता रंगीत चित्रं यंत्रातूनच रंगून बाहेर पडतात, म्हणून सांगायला हवं. आमच्या वेळी दगडावरून कागदावर यायच्या त्या नुसत्या काळ्या रेघा. रंग माणसं भरत. आम्ही पाचजण बैठकीवर ओळीने बसायचो. एकाकडे नीळ, एकाकडे तांबडा हिंगूळ, एकाकडे पिवळी हरताळ. कागद डावीकडून यायचा, आपला रंग भरून उजवीकडे सरकवायचा. दिवसभर एकजण निळाच असायचा, दुसरा तांबडाच. माझ्याकडे बारीक काम होतं. कुंकू, नथ, बांगड्या, पैंजण. अप्पा ओळीच्या दोन्ही टोकांना असत. चित्र काढणारे तेच, पहिला नमुना रंगवणारे तेच, आणि शेवटी प्रत्येक कागद हातभर लांब धरून "जा" म्हणणारेही तेच. हातभर लांब, कारण त्यांना जवळचं दिसत नसे. चाळशी मात्र घेत नसत. म्हणायचे, "डोळ्यांवर काच ठेवली की काचेचा रंग लागतो."

असे त्यांचे बरेच नियम होते. रंग भरताना पाय आधी. चित्र राजाचं असो की भिकाऱ्याचं, पाय आधी रंगवायचे. नवीन माणूस आला आणि त्याने लुगड्यापासून सुरुवात केली की अप्पा त्याचा कुंचला काढून घेत. "पाय टेकले नाहीत अजून तिचे. नाचते कशावर? हवेवर?" कुंचला ओठात ओला करायची आम्हा सगळ्यांना खोड होती. ते ओरडत, "हरताळ आहे ती, विष! घरी कुणी वाट बघत असेल तर चाटू नका." स्वतः मात्र चाटत. "माझी कोण वाट बघतंय?" म्हणत. थोरली बहीण घरी जेवायला थांबलेली असे, ती त्यांच्या हिशेबात नव्हती.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. एखाद्या बाईचा पदर आवडला की भर रस्त्यात उभे राहून विचारत, "बाई, हा काठ कुठला? हिरवा धुतल्यावर असा झाला, की मुळातच असा?" शिव्या खाल्ल्या तरी पुढच्या बाईला विचारत. घरी एक पेटी होती, तीत नुसत्या चिंध्या. लुगड्यांच्या, पागोट्यांच्या, कोळ्यांच्या रुमालांच्या. प्रत्येक चिंधीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कुठल्या गावची, किती वेळा धुतलेली. बहीण म्हणायची, "लोकांच्या घरी देव पेटीत असतात, आमच्याकडे पोतेरं."

आणि आगगाडीत बसत नसत. कोस-दोन कोस चालत जात. गाडीतून बघितलं की रंग एकमेकांत मिसळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही काही रंगवून दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. "बघितलंस, की ऐकलंस?"

ठाण्यातल्या एका साहेबाला या मुलखातल्या लोकांचे वेष आणि नाच यांचं पुस्तक करायचं होतं. मोठ्या कागदाची बारा चित्रं, सगळी हाताने रंगवलेली. छापखान्याच्या मालकाने ते काम आणलं आणि अप्पांना जणू नवीन पाय फुटले. कोळ्यांचा नाच बघून आले, शिमग्याची सोंगं बघून आले, डोंगराकडे जाऊन चार दिवसांनी ताप घेऊन आणि दोन चित्रं काढून परत आले. राहिला होता आगरी बायांचा गौरीचा फेर. त्यासाठी ते कोलशेतला गेले, आणि रंगांची पेटी घेऊन मी बरोबर गेलो.

खाडीकाठचं गाव, पलीकडे मिठागरं. फेर बायकांचा, त्यांच्या अंगणातला. गावाबाहेरच्या पुरुषाने तो बसून बघायचा आणि वर त्याचं चित्र काढायचं, हे गावकीला पटेना. चित्रं कुणाची निघतात हे त्यांनाही ठाऊक होतं. बाजारात बायांची चित्रं म्हणजे कलावंतिणींची. दारूच्या गुत्त्यात लावायची.

अप्पा दोनदा हात हलवत परत आले. तिसऱ्या वेळी चांगुणा बोलली. फेराची गाणी तिलाच येत. पुढची ओळ तिने उचलायची आणि मागून बाकीच्यांनी झेलायची. नवरा जोमा मिठाच्या गाड्या हाकणारा. ती दारातूनच म्हणाली, "चित्र काराचा तं कारा. पन गावातली बाय कुनाला वलखू आली नाय पायजे. आमची तोंडा बाजारात नकोत."

"नाही येणार ओळखू," अप्पा म्हणाले. "चेहरा एकीचा काढीन, लुगडं दुसरीचं नेसवीन. खुणा कुणाच्याच ठेवणार नाही."

"सबूद?"

"शब्द."

मग आणखी एक अडचण अप्पांनीच काढली. फेर संध्याकाळी असतो, आणि दिव्याच्या उजेडात निळं काळं दिसतं. त्यांना फेर दुपारी हवा होता. बाया पदर तोंडात धरून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "दुपारचे गौरी पन निजते, बाबा." शेवटी गौरीला विचारून, दुपारी, उन्हात, त्यांनी फेर धरला. चौदा-पंधरा बाया, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेली लुगडी, तांबडी, हिरवी, पानाच्या रंगाची. अप्पा मातीत बसून पायच काढत होते.

मी चांगुणाकडे बघत होतो.

वाईट नजरेने नव्हे, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता खरंच लिहायचं ठरवलंय तर, थोडी वाईट नजरही असेल. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. दोन नीट, एकाखाली एक. तिसरा ओठाच्या कोपऱ्याकडे घसरलेला. लहानपणी गोंदताना ती हलली असणार. गाण्याची ओळ उचलताना तो घसरलेला ठिपका आधी हलायचा आणि मग आवाज यायचा. इतकं बारीक मी त्या आधी काही बघितलं नव्हतं.

अप्पांनी शब्दाप्रमाणे चित्र केलं. चांगुणाचा चेहरा पुढे होता, पण अंगावर लुगडं तिच्या जावेचं. हनुवट्या सगळ्यांच्या कोऱ्या. नमुना साहेबाने पसंत केला. साहेबाच्या प्रती रंगवून झाल्या, त्यांत मी काही केलं नाही.

पुढे मालकाने तोच दगड पुन्हा चढवला. बाजारासाठी तीनशे कागद काढले. अप्पांना कळल्यावर ते मालकाशी भांडले. मालक म्हणाला, "अहो, ओळखू कुठे येतंय कोण? तुम्हीच म्हणता ना?" अप्पा बैठकीवर परत आले. ओळखू येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

त्या तीनशे कागदांवर मी ठिपके काढले. मला कुणी सांगितलं नव्हतं. कागद डावीकडून यायचा, बांगड्या भरायचो, कुंकू भरायचो, आणि तो कोरा चेहरा बघून मला राहवायचं नाही. अप्पाच म्हणतात, बघितलं ते काढा. मग मी बघितलं ते काढलं, असं मनात म्हणायचो. अप्पांना जवळचं दिसत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच केलं. त्यांनी तीनशे कागद हातभर लांब धरले आणि तीनशे वेळा "जा" म्हणाले. शंभराच्या पुढे मला त्याचं थोडं हसू येत होतं. ते हसू माझ्या अंगावर अजून आहे.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी जोमा छापखान्यात आला. कुणाशी न बोलता त्याने कमरेचा रुमाल सोडला आणि चार घड्या घातलेला कागद अप्पांसमोर बैठकीवर उलगडला. कागदाला दारूचा वास येत होता. कल्याणला मीठ टाकून परत येताना तो गाडीवानांबरोबर एका गुत्त्यात गेला होता. भिंतीवर चार कलावंतिणी आणि त्यांच्या शेजारी त्याची बायको. एक गडी तिच्या हनुवटीवर बोट फिरवून म्हणत होता, ही कुठली रे, हिला आणा.

"ही कोन?" जोमाने विचारलं.

अप्पांनी कागद लांब धरला. "फेरातली बाई. कुणीही नाही."

"हनुवटी बघा."

अप्पांनी कागद जवळ घेतला, लांब नेला, उजेडाकडे केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय आहे रे तिथे? तुझे डोळे चांगले आहेत."

"ठिपके," मी म्हणालो.

"किती?"

"तीन."

"तिसरा कुठे?"

"घसरलाय. ओठाकडे."

बैठकीवर सगळ्यांचे कुंचले थांबले होते. हिंगूळवाला माझ्याकडे बघत नव्हता, अप्पांकडे बघत होता. तेवढी फुरसत मला होती. एक वाक्य बोलायला पुरेल एवढी. अप्पांनी आपला उजवा हात पुढे धरला, तोही लांब, आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिले.

"नमुन्यात पडले असतील माझ्याकडून," ते म्हणाले. "डोळे गेले, हाताला सवय राहिली. पोरांनी नमुन्यावरून उतरवलं. पोरांचा काय दोष?"

नमुना मागाहून साहेबाकडे गेला होता, आणि साहेब तोवर विलायतेला. ताडून बघायला काही उरलं नव्हतं. मी खाली बघून बांगड्या भरायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा कोलशेतला गावकीसमोर उभे राहिले. त्यांना उन्हाची घेरी यायची म्हणून छत्री धरायला मी मागे होतो. माझं काम तेवढंच होतं आणि तेवढंच मी केलं. अप्पांनी कसलीही सबब सांगितली नाही. "शब्द दिला होता, माझ्या हाताने मोडला," म्हणाले. एकजण ओरडला, "हात तोरा त्याचा!" जोमा म्हणाला, "बसा रं. म्हाताऱ्याचा हात तोरून काय गुत्त्यातली बाय घरा येते?" ती त्याची थट्टा होती की काय, मला कळलं नाही. कुणी हसलं नाही.

चांगुणा बायांच्या मागे बसली होती. निघताना अप्पा तिच्यासमोर थांबले. ती म्हणाली, "अप्पा, मी तुमाला बोलावलं व्हतं. गाव नाय म्हनत व्हता, मी हो म्हनले. आता गाव मना काय म्हनेल?" आवाज चढवला नव्हता. अप्पांनी हात जोडले. छत्रीची सावली माझ्या एकट्यावरच पडली होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

जोमाने तिला माहेरी पाठवलं. दोन वर्षांनी परत आणलं, कारण घरात पोरं होती. पण गौरीच्या अंगणात ती पुन्हा उभी राहिली नाही. पुढच्या ओळी उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. एक-दोन वर्षं बायांनी आठवेल तेवढं म्हटलं, मग त्या अंगणातला फेर बंद पडला.

अप्पांनी छापखाना सोडला. चित्रं काढणं सोडलं. चाळशी घेतली. पहिल्यांदा लावली तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुझ्या कानावर तीळ आहे होय रे! इतकं बारीक दिसतं होय लोकांना!" आणि मग आगगाडीचं तिकीट काढून कल्याणला गेले. जन्मात गाडीत न बसलेला माणूस. आठवड्यातून दोन दिवस जायचा. गुत्ते, पानाची दुकानं, वाण्याच्या पेढ्या, न्हाव्यांच्या ओसऱ्या. अंगाचा रंग घरून कालवून न्यायचे, डबीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. जो कागद सापडेल त्याच्यावरचे तीन ठिपके झाकायचे. भिवंडीपर्यंत गेले. गुत्त्यातली माणसं टवाळी करायची. "आजोबा, आमच्या बाईला पण लावा की रंग!" अप्पा त्यांनाही शांतपणे विचारायचे, "असं चित्र आणखी कुठे बघितलंत का?" कुणी बघितलं म्हटलं की, "बघितलंत, की ऐकलंत?"

एकदा ते मला बरोबर घेऊन गेले. गाडीतळाजवळचं न्हाव्याचं दुकान होतं. चित्र चांगलं राहिलं होतं, रंग ताजे. अप्पा चाळशी लावून त्या हनुवटीपाशी इतके जवळ गेले की त्यांचा श्वास कागदाला लागत असावा. मग म्हणाले, "ठिपका गोल आहे."



"माझा लांबट पडतो," ते म्हणाले. "लहानपणापासून. गुरूंनी मारलं तरी गोल नाही पडला कधी."

न्हाव्याचा वस्तरा दगडावर घासत होता. अप्पा माझ्याकडे वळले नाहीत. वाट बघत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मी भिंतीवरची दुसरी चित्रं बघू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी डबी उघडली, आणि तिन्ही ठिपके झाकले. परतीच्या गाडीत खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "खरंच मिसळतात रे रंग." दुसरं काही नाही. मला पुन्हा बरोबर नेलं नाही, आणि कुणाजवळ माझं नाव काढलं नाही. न्हाव्याच्या दुकानापर्यंत मी त्यांना फसवलं होतं. त्यानंतर त्यांनी मला सांभाळून घेतलं. यातलं जास्त वाईट कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या थंडीत ते गेले. छातीत कफ धरला होता. बहिणीने सांगितलं, शेवटी बोटं पांघरुणावर टेकवत होते, तीन-तीनदा. ऐकून मी घरी आलो आणि जेवलो. माणूस जेवतो.

मग मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायला लागलो. शेतं, बांध, मिठागरांच्या हद्दी. नकाशात माणसं नसतात, म्हणून बरं वाटलं. लग्न झालं, मुलं झाली. कुठे दुकानात ते चित्र दिसलं तर मी झाकलं का? नाही. चार-पाचदा दिसलं असेल. रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

चांगुणा अजून आहे. केस पांढरे झाले, दात गेले. मंगळवारच्या बाजाराला कोलशेतहून भाजीची पाटी घेऊन ठाण्याला येते. मी तिच्याकडून वांगी घेतो. कितीतरी वर्षं घेतो आहे. मी तिला ओळखतो, ती मला ओळखत नाही असं मला वाटत होतं. गेल्या महिन्यात पाटीतली वांगी निवडता निवडता तिने वर बघून विचारलं, "तुमी ते छत्रीवाले ना?"

मी हो म्हणालो.

"अप्पा हायत?"

"नाही. बरीच वर्षं झाली."

तिने वांगी माझ्या पिशवीत घातली, एक जास्तीचं घातलं. म्हणाली, "डोले गेलते बिचाऱ्याचे. मी कवाच सोरला त्यांना. जोमा नाय सोरत अजून. त्यांचा नाव काढला का थुकतो." मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बोलताना तो तिसरा ठिपका आधी हलला. सुरकुत्यांत तो आता सरळ दिसतो.

मी पिशवी घेऊन उभा राहिलो, आणि मग घरी आलो.

जी चूक अप्पांनी केलीच नाही, ती तिने त्यांना माफ केली आहे, आणि तिचा नवरा अजून त्यांच्या नावाने थुंकतो आहे. हे मी इथे लिहिलं, पण चांगुणाला वाचता येत नाही, जोमालाही नाही. म्हणजे लिहून काही फिटलेलं नाही. कोलशेतला जाऊन त्या दोघांसमोर बसून तोंडाने सांगायचं आहे, की अप्पांनी शब्द पाळला होता आणि ठिपके मी काढले. एवढं मी देणं लागतो. अजून गेलेलो नाही.